पाण्याची जागा पाण्याला

(मंडळाच्या २५ व्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने मला आज चार शब्द बोलायला सांगितले. मी नको नको म्हणत होते. मी सातवी शिकलेली बाई. हळदीकुंकवाच्या पानसुपारीचा हिशेब सांगा म्हटले तर सांगेन, पण भाषण म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही. तरी उभी राहिले, कारण जो विषय माझ्या मनात आहे तो आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. आज बोलले नाही, तर पुढच्या पावसात पाणीच बोलेल, आणि त्याचे बोलणे आपणा कोणाला आवडणार नाही.

विषय आहे आपल्या गावामागच्या होल्डिंग पाँडचा. सरकारी कागदात त्याला धारण तलाव म्हणतात. आपण मात्र त्याला ‘मागचा चिखल’ म्हणतो. मीही तसेच म्हणत आले. त्या चिखलाने मला काय काय शिकवले ते आधी सांगते.

माझे माहेर पेणकडच्या खारेपाटातले. आपल्यापैकी पुष्कळ जणींचे माहेर त्याच बाजूचे आहे, म्हणून फार सांगायला नको. तिथे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि मध्ये मातीचा बांध. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरे, आणि मग दोन-तीन वर्षे त्या खाचरात धड भात पिकत नसे. त्यामुळे बांध सांभाळणे हे एका घराचे काम नव्हते. गावकीचा निरोप आला की घरटी एक माणूस पाटी-फावडे घेऊन बांधावर जाई. लग्नघर असले तरी सुटका नसे.

त्या बांधाला एक उघाडी होती. लहानपणी मला तिचे मोठे नवल वाटे. लाकडी दरवाजे, वरच्या बाजूने टांगलेले. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी आपल्या जोराने दरवाजे ढकलून खाडीत जाई. भरती आली की खाडीचे पाणी तेच दरवाजे बाहेरून दाबून बंद करी. ना कोणी उघडणारा, ना कोणी लावणारा. भरतीच्या वेळी आत पडलेले पाणी मात्र कुठेतरी थांबायला हवे; म्हणून उघाडीच्या आतल्या अंगाला सखल जागा मोकळी ठेवलेली असे. तिथे कोणी भात लावत नसे की घर बांधत नसे. एकदा मी बाबांना विचारले, “एवढी जागा फुकट का ठेवली?” ते म्हणाले, “पोरी, पान्याला घर दे, नाय तं पानी आपल्या घरात येल.” मला वाटले, म्हातारा माणूस काहीतरी म्हण सांगतो आहे. म्हण नव्हती, हिशेब होता. तो समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

१९९९ साली लग्न होऊन मी या गावात आले. तोपर्यंत शेतजमीन गेलेली होती. नवे शहर वसवायला १९७० सालापासून सुरुवात झाली, त्यात आपल्या लोकांच्या जमिनी गेल्या. १९८४ साली दि. बा. पाटील साहेबांच्या पाठीमागे सारा समाज उभा राहिला, जासईला आपली माणसे हुतात्मा झाली, आणि पुढे साडेबारा टक्के जमीन परत मिळू लागली. हा इतिहास आपल्या सासऱ्यांनी, दिरांनी अंगावर झेललेला आहे. त्यामुळे घर बांधू नका, इमारत उभी करू नका, असे सांगायला मी उभी राहिलेली नाही. आमचेही घर अशाच मिळालेल्या पैशांतून पक्के झाले आहे. माझा मुलगा मोठा झाला आहे, उद्या त्याला घर लागेल. माणसांना घरे हवीतच.

पण त्या नव्या शहराच्या आखणीत एक शहाणपणाची गोष्ट होती, ती आपण विसरलो. खाजणात भराव टाकून ज्या वसाहती केल्या, त्यांतल्या काहींची जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मग पावसाचे पाणी जायचे कसे? म्हणून इंजिनियर लोकांनी बांध घातले, खाडीच्या तोंडाशी तलाव ठेवले आणि तलावाच्या नळ्यांना बाहेरून झाकणे टांगली. ही हॉलंड देशाची पद्धत, असे म्हणतात. हॉलंडची असेलही. मला तर ती थेट माझ्या माहेरची उघाडी वाटली! लाकडाऐवजी लोखंड आणि मातीऐवजी सिमेंट, एवढाच फरक. भरतीला झाकण बंद, पावसाचे पाणी तलावात थांबणार. ओहोटीला झाकण उघडणार, पाणी खाडीत जाणार. आपण ज्याला मागचा चिखल म्हणतो, ती पाण्याची थांबायची जागा आहे. आपल्या घराला जशी पडवी असते, तशी ती गावाची पडवी आहे.

आता २००५ सालच्या २६ जुलैची आठवण. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारच्या भरतीची वेळ आणि पावसाचा जोर एकत्र आले. आपल्याकडे काय झाले ते इथे बसलेल्या पुष्कळ जणींनी पाहिले आहे. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला माळ्यावर बसवून मी आणि सासूबाई तांदळाची कणगी उचलायला धडपडत होतो. पाणी गुडघ्यापर्यंत आले आणि थांबले. पुढे चढले नाही. रात्री ओहोटी लागल्यावर उतरू लागले. तेव्हा मागचा तलाव पुष्कळ मोठा होता, हे लक्षात ठेवा. त्या दिवशी त्याने किती पाणी पोटात घेतले याचा आपण कोणी विचार केला नाही. उलट दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, “हा मेला चिखल एकदा बुजवून टाकला पाहिजे.”

आणि भगिनींनो, मी तो थोडासा बुजवलासुद्धा. ही गोष्ट आजवर मी सभेत बोलले नव्हते. आज बोलते.

२००९ साली आमच्या घराच्या मागे, तलावाकडच्या अंगाला, सात-आठ हात सखल जागा होती. तिथे पावसाळाभर पाणी साचून राही. बेडूक ओरडत. बोईटे येत, निवट्या उड्या मारत. मला वाटले, ही जागा उंच केली तर वाळवणाला होईल, तुळशीवृंदावन बांधता येईल. बाहेर नव्या इमारतींची कामे चालू होती. डेब्रिजचे डंपर रस्त्याने जातच असत. एका ड्रायव्हरला चहापाण्याचे पैसे दिले आणि दोन डंपर टाकून घेतले. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, सिमेंटचे गोळे. वर माती पसरली. जागा छान झाली. तुळसही लावली.

पुढच्या पावसात आमच्या दारात पाण्याचा थेंब आला नाही. मी खूश. पण त्या रात्री शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात पाणी शिरले. त्यांच्या घरात २६ जुलैखेरीज कधी पाणी आले नव्हते. चूल विझली, पिठाचा डबा भिजला आणि त्यांच्या सुनेची बाळंतपणानंतरची बाज पाण्यात उभी राहिली. सकाळी आजी आमच्या मागच्या अंगणात आल्या. तुळशीकडे पाहिले, भरावाकडे पाहिले आणि एकच बोलल्या, “तुझ्या घरचं पानी माझ्या घरात पाठवलंस गं.” त्यानंतर दोन वर्षे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. हळदीकुंकवाला आल्या तरी माझ्या हातचे कुंकू त्यांनी लावून घेतले नाही. पुढे मी मजूर लावून तो भराव काढून टाकला आणि त्यांच्या पाया पडले. त्या आता हयात नाहीत. त्यांनी मला क्षमा केली होती. पण पाणी नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या घरी जाते, हा धडा मला दोन डंपरांत मिळाला.

त्यानंतर मी या विषयाकडे लक्ष देऊ लागले. वर्तमानपत्रातली कात्रणे ठेवू लागले. माझा भाचा इंजिनियरिंग शिकतो, त्याला विचारून विचारून मी एक सोपा हिशेब शिकले. तो तुम्हाला सांगते, कारण तो आपल्या बायकांच्या डोक्यात चटकन बसणारा आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, तो साधारण दहा हजार लिटरचा. आता एक गुंठा जागा घ्या. तिच्यावर १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे अर्धी वीत पाऊस पडला, तर किती पाणी झाले? बरोबर एक टँकर. गुंठ्याला एक टँकर, एकराला चाळीस टँकर. १०० मिलिमीटर पाऊस आपल्या कोकणात काही अपूर्वाईचा नाही. पूर्वी त्यातले बरेच पाणी शेतात, गवतात, मातीत मुरत असे. आता छपरावर, डांबरावर आणि पेव्हर ब्लॉकवर पडते. मुरणार कुठे? सारेच्या सारे गटाराने धावत सुटते. चाळीस एकरांवर इमारती झाल्या, तर एका पावसाचे सोळाशे टँकर. आणि नेमकी भरती असेल तर झाकण बंद! ओहोटी लागेपर्यंत ते सोळाशे टँकर उभे कुठे करायचे?

उत्तर एकच, तलावात. एक एकर तलावात एक मीटर पाणी चढायला जागा असेल, तर तो चारशे टँकर पोटात घेतो. म्हणजे अर्धा एकर तलाव बुजवला की दोनशे टँकरांची जागा गेली. ते दोनशे टँकर हवेत जाणार नाहीत. ते गावात येणार. नव्या इमारतींची जोती उंच, त्यांचे रस्ते उंच. मग जास्तीत जास्त खाली कोण? आपला जुना गावठाण. दरवर्षी रस्त्यावर डांबराचा थर चढतो आणि आपले उंबरठे खाली जातात. पूर्वी आपण दोन पायऱ्या चढून घरात जात होतो, आता एक पायरी उतरून जातो. कोणी हे मुद्दाम केले, असे मी म्हणत नाही. पण झाले आहे खरे.

कोणी म्हणेल, ही एका गावाची रड आहे. तसे नाही. चेन्नई शहराच्या दक्षिणेला पल्लीकरणै नावाची मोठी पाणथळ आहे. तिच्या कडा भरत भरत वस्ती, कचरा आणि कचेऱ्या आत गेल्या. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईला महापूर आला, तेव्हा त्या बाजूच्या नव्या वसाहती पाण्यात बुडाल्या. पुढे २०२२ साली त्या उरलेल्या पाणथळीला रामसर स्थळाचा मान मिळाला. उलट उदाहरण कोलकात्याचे. तिथे शहराच्या पूर्वेला भेड्या नावाची मासळीची तळी आहेत. शहराचे सांडपाणी त्यांत जाते, उन्हाने आणि शेवाळाने निवळते, त्यावर मासे वाढतात आणि तेच मासे शहराच्या बाजारात येतात. ध्रुबज्योती घोष नावाचे एक सरकारी इंजिनियर होते. त्यांनी हे सारे गणित कोळ्यांकडून आणि शेतकऱ्यांकडून समजून घेतले आणि जगापुढे मांडले. २००२ साली त्या पाणथळीला रामसरचा दर्जा मिळाला. साहेब २०१८ साली वारले, पण एवढा शिकलेला माणूस कोळ्यांपाशी शिकायला बसला, ही गोष्ट मला फार आवडते.

रामसर म्हणजे काय, असे एका मैत्रिणीने विचारले. मला वाटले होते देवाचे नाव आहे. पण ते इराण देशातल्या एका गावाचे नाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे निरनिराळ्या देशांचे लोक जमले आणि पाणथळी राखायचा त्यांनी करार केला. आपल्या महाराष्ट्रात नांदूरमधमेश्वर आणि लोणार या दोन स्थळांना २०२० साली तो मान मिळाला, आणि २०२२ साली आपल्या दारातल्या ठाणे खाडीला. ठाणे खाडी त्याआधी २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाली होती.

या रोहित पक्ष्यांचीही एक गोष्ट आहे. ओहोटीला ते खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. भरती आली की चिखल बुडतो, मग त्यांना उभे राहायला उथळ पाण्याची जागा लागते. ती जागा म्हणजे आपल्या बाजूची ही तळी. २०२४ सालच्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तलावात खाडीचे पाणी येण्याची वाट अडली. तलाव सुकू लागला आणि तिथे कितीतरी रोहित पक्षी मेलेले सापडले. लोकांनी आवाज उठवला. २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संरक्षण राखीव क्षेत्र करण्याचे मान्य केले. आवाज उठवणाऱ्यांत तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसे होती, हे लक्षात घ्या.

कायदाही आपल्या बाजूने बराच आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडायला आणि तिवरांपासून ५० मीटरच्या आत भराव टाकायला, बांधकाम करायला मनाई केली. २०१८ साली तोच निकाल कायम झाला. पाणथळी बुजवण्याविरुद्धही न्यायालयाने हुकूम दिले, आणि कोकण विभागाच्या आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तक्रारी ऐकणारी समिती नेमली गेली. तिच्याकडे अर्ज करायला मोठा वकील लागत नाही. आपल्या राज्यघटनेतही १९७६ सालापासून नागरिकांची जी कर्तव्ये घातली आहेत, त्यांत वने, सरोवरे आणि नद्या राखण्याचे कर्तव्य आहे. ते फक्त पुरुषांना लागू आहे, असे कुठे लिहिलेले नाही!

पण खरे तेही सांगते. कायद्यात फटीही आहेत. २०१७ साली पाणथळींचे जे नियम झाले, त्यांत भातशेती, मिठागरे, मासळीसाठी बांधलेली तळी यांना पाणथळ मानलेले नाही. कागदावर ती पाणथळ नसेलही. पण पाणी कागद वाचत नाही. ते उतार पाहते. दुसरा पेच आपल्या तलावाचाच आहे. त्यात गाळ भरला, गाळावर तिवरे उगवली. तिवरे तोडायची नाहीत आणि गाळ तर काढायला हवा. न्यायालयाची परवानगी घेऊनच ते करावे लागते आणि त्यात वर्षे जातात. हे काम कठीण आहे म्हणून तलाव बुजवून टाका, असे मात्र होत नाही. मोरी तुंबली तर आपण मोरी साफ करतो, मोरीवर लादी बसवत नाही.

आणखी एक बोलणे नेहमी ऐकू येते : चिखलामुळे डास होतात. डासांचा त्रास मलाही आहे. पण डास वाढतात ते साचलेल्या, कुजलेल्या पाण्यात. गटारे तलावात सोडली, प्लास्टिकने पाण्याची वाट बुजली, की डास होणारच. जिथे भरती-ओहोटीचे पाणी खेळते आणि मासे जिवंत आहेत, तिथे मासेच डासांची पिल्ले खातात. माझ्या माहेरी सारा गाव पाण्याने वेढलेला, पण संध्याकाळी ओटीवर बसता येत असे. दोष पाण्याचा नाही, पाण्यात आपण काय टाकतो त्याचा आहे.

आणि चिखल फुकट आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्या कोळीणबाईंना विचारावे. कोलंबीची पिल्ले, चिंबोऱ्या, बोईटे याच तिवरांच्या मुळांत लहानाची मोठी होतात. आपल्या लहानपणी ज्या घरात भाजीला पैसे नसत, त्या घरातला पोरगा पाग घेऊन जाई आणि कालवणापुरते घेऊन येई. आता कालवणाला बाजारात किती पैसे मोजावे लागतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता मुख्य गोष्टीवर येते. आपल्या सर्वांना ठाऊक आहे की तलावाशेजारी एका मोठ्या गृहसंकुलाचे काम निघाले आहे. ते बांधणाऱ्या गृहस्थांनी आपल्या मंडळाला निरोप पाठवला आहे. तलावाचा गावाकडचा कोपरा, सुमारे अर्धा एकर, ते भरून काढणार. तिथे बाग करणार आणि बागेत आपल्या मंडळाला सभागृह बांधून देणार. पैसे आपण द्यायचे नाहीत. परवानगीचे ते बघतील. आपण फक्त, गावातल्या बायकांची या कामाला संमती आहे, असे मंडळाच्या कागदावर लिहून द्यायचे.

भगिनींनो, सभागृह कोणाला नको? गेली अठरा वर्षे इमारत निधीचे पावतीपुस्तक माझ्याच हातात आहे. दारोदार फिरून दहा-दहा, वीस-वीस रुपये मी गोळा केले आहेत. देवळाच्या सभामंडपात आपण शिवणाचा वर्ग घेतो; लग्न निघाले की मशिनी उचलून घरी न्याव्या लागतात. आज भाषण करतानाही मंडपाच्या ताडपत्रीतून पाणी गळते आहे. आपले स्वतःचे छप्पर असावे हे स्वप्न माझेही आहे. तो निरोप आला त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. पहाटे मात्र शेजारच्या आजींचे शब्द आठवले, आणि झोप उडाली ती वेगळ्या कारणाने.

अर्धा एकर म्हणजे दोनशे टँकर. ते दोनशे टँकर कोणाच्या स्वयंपाकघरात जातील? खालच्या आळीत ज्या बारा-पंधरा घरांत आपल्या सभासद बायका राहतात, त्यांच्या. ज्यांच्या मुलींना शिवण शिकवण्यासाठी सभागृह हवे, त्यांच्याच घरात पाणी घालून आपण ते बांधायचे का? मी एकदा दोन डंपरांनी एक घर बुडवले. आता मंडळाच्या कागदावर सही करून आळी बुडवायला माझा हात धजत नाही. शिवाय आज गावच्या बायकांनी एक कोपरा दिला, तर उद्या दुसरा कोपरा मागायला येणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

म्हणून माझी अध्यक्षबाईंना आणि सर्वांना हात जोडून विनंती आहे. पहिली ही, की हा विषय कार्यकारिणीने परस्पर ठरवू नये. सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, खालच्या आळीतल्या बायकांना आधी बोलू द्यावे. माझे मत नकाराचे आहे, ते मी आजच नोंदवते. त्या गृहस्थांचा अपमान करू नये. त्यांना सांगावे, घरे बांधा, पण तुमच्या आवारातले पाणी तुमच्या आवारात थांबेल आणि मुरेल अशी सोय करा, आणि तलावाला हात लावू नका. सभागृहच द्यायचे मनात असेल तर तुमच्या उंच जागेवर एक खोली द्या, आम्ही आनंदाने घेऊ.

दुसरी विनंती आपल्या घरच्या कामांची. लाद्या बदलल्या, भिंत पाडली, तर त्याचे डेब्रिज कुठे जाते ते घरच्या बाईने विचारावे. ‘डंपरवाला नेतो’ एवढ्यावर थांबू नये. तो कुठे नेतो, ते मी तुम्हाला सांगितलेच आहे. निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्याही तलावात जाऊ नयेत.

तिसरी विनंती नोंदवहीची. आपल्याकडे पंचांग आहे, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी उधाणे येतात हे आपल्या आज्यांना पाठ होते. पावसाळ्यात त्या दिवसांत चौघी-चौघींनी मिळून जाऊन बांधावरून फक्त पाहावे : झाकण उघडते का, त्यात काही अडकले आहे का, नवा भराव पडला आहे का. पाण्यात कोणी उतरू नये, काही ओढायला जाऊ नये. तारीख, वेळ आणि कोणाच्या कितव्या पायरीला पाणी लागले, ते वहीत लिहावे, मुलाकडून फोटो काढून घ्यावा आणि लेखी अर्जासोबत कचेरीत द्यावा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, वहीतली राहते. ही वही सांभाळायचे काम मी घेते. सातवीचे अक्षर आहे, पण वाचता येते.

आणि सभागृहाचे काय, असे म्हणाल तर इमारत निधीचा डबा बंद करू नका. उशीर होईल. तोवर शिवणाच्या मशिनी ठेवायला आमच्या घराची ओटी मोकळी आहे. सासूबाईंना विचारूनच सांगते आहे. त्या म्हणाल्या, “ठेवा, मला तेवढीच सोबत.”

मी फार बोलले. कोणाला लागले असेल तर लहान समजून पोटात घाला. माझ्या वडिलांनी पाण्याला जागा ठेवली होती म्हणून आमचे भात पिकले आणि मी वाढले. आपल्या मुलाबाळांना तेवढे तरी ठेवून जावे, एवढेच माझे मागणे आहे.